स्पिरुलिना, क्लोरेला की अॅस्टाझँथिन: जास्त अँटिऑक्सिडंट नेमके कशात?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही रोज सकाळी चमचाभर स्पिरुलिना उकळत्या सूपमध्ये घालून घेताय, डब्यावर ओआरएसीचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या एका टेस्टचा, मोठा आकडा छापलाय, मग क्लोरेलाच्या डब्यावर त्याहून मोठा दिसला, आता बदलू का, दोन्ही घेऊ का, की सरळ अॅस्टाझँथिनची, म्हणजे शैवालातल्या लाल रंगद्रव्याची, कॅप्सूल सुरू करू. शिवाय आईला थायरॉईड आहे तर तिला केल्पची, म्हणजे तपकिरी समुद्री शैवालाची, गोळी चालेल का, आणि वडील सिगारेट ओढतात म्हणून त्यांच्या फुप्फुसांसाठी ड्युनालिएला नावाच्या शैवालापासून काढलेलं नॅचरल बीटा कॅरोटीन मागवलंय. वडिलांबद्दल शेवटी नीट लिहिते पण आत्ताच एवढं ऐका, ती बाटली आली तरी उघडू नका.

मी डॉक्टर नाही. गेली सतरा वर्षं खाण्याच्या शैवालांच्या तपासणीत आहे, म्हणजे पावडरीचे सॅम्पल येतात, त्यातली रंगद्रव्यं, जड धातू, जंतू, विषारी द्रव्यं मोजायची आणि रिपोर्ट द्यायचा, हे रोजचं काम. त्यामुळे पावडरीत काय असतं आणि वाटेत त्याचं काय होतं हे मी खात्रीने सांगू शकते, औषधगोळ्यांशी कसं जमेल ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

"जास्त कशात" हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो आणि तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. अँटिऑक्सिडंट हे एका पदार्थाचं नाव नाहीच, ते एका कामाचं नाव आहे, पेशींना इजा करू शकणाऱ्या फ्री रॅडिकल नावाच्या अस्थिर रेणूंना आवरायचं. ते काम स्पिरुलिनातलं निळं फायकोसायनिन वेगळ्या पद्धतीने करतं, नारिंगी बीटा कॅरोटीन वेगळ्या, आपल्या पेशी स्वतः बनवतात ते ग्लुटाथायोन वेगळ्या. म्हणून विचारायचं ते असं, की यात नेमका कुठला रेणू आहे, तो सुकवताना आणि शिजवताना टिकला का, पोटातून रक्तात जातो का, आणि तुमच्या शरीराला त्याची गरज आहे का. डब्यावरचा आकडा यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर देत नाही.

ओआरएसी टेस्ट अशी असते: चमकणारा एक रंग घ्यायचा, त्यात फ्री रॅडिकल तयार होतील असं रसायन टाकायचं, आणि तुमचं सॅम्पल घातल्यावर ती चमक किती वेळ टिकते ते बघायचं. सगळं छोट्या छोट्या खाचांमध्ये, बफरच्या पाण्यात. त्यात पोट नाही, आतडं नाही, लिव्हर नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची मोठी यादी वेबसाइटवर ठेवली होती ती 2012 मध्ये काढून टाकली, कारण हे आकडे शरीरात काय होतं ते सांगत नाहीत आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. तरी ते अजून डब्यांवर छापले जातात याचा मला खरंच त्रास होतो कारण लोक त्या आकड्यावर पैसे खर्च करतात.

दुसरी गंमत नाही, दुसरी अडचण सांगते. "टोटल फिनॉल" नावाची टेस्ट आहे, फिनॉल म्हणजे वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटचा एक गट, फोलिन रसायन घालायचं आणि निळा रंग किती गडद येतो ते मोजायचं. आता हे रसायन फिनॉलशीच नाही तर प्रोटीनमधल्या टायरोसिनशी पण निळं होतं, व्हिटॅमिन सी शी पण होतं. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात साधारण 55 ते 70 टक्के प्रोटीन असतं, म्हणजे आकडा फुगणारच. एकदा एका उत्पादकाचा रिपोर्ट असा फार सुंदर आला, मला ते पटेना, प्रोटीन बाजूला काढून पुन्हा मोजलं तर आकडा बराच खाली आला. उत्पादक नाराज झाला पण खरं तेच होतं. शिवाय डीपीपीएच नावाच्या आणखी एका अँटिऑक्सिडंट टेस्टमध्ये जांभळा रंग किती उतरतो ते 517 नॅनोमीटरच्या उजेडात बघतात, आणि शैवालाचा अर्क स्वतःच रंगीत, त्यामुळे सॅम्पलचा रंग वजा केला नाही तर तिथेही घोळ.

मग शरीरात काय होतं? शरीराची स्वतःची यंत्रणा आहे, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज ही एन्झाइम, ग्लुटाथायोनचं सगळं चक्र, आणि रोजचा बहुतेक भार तीच उचलते. वरून येणारे रेणू रक्तात फार थोडे पोचतात. त्यातले काही थेट रॅडिकलला पकडतात, पण काही पेशीला हलकासा चिमटा काढून तिची स्वतःची यंत्रणा जागी करतात असं दिसतं. आणि सगळंच ऑक्सिडेशन शत्रू नसतं. 2009 मध्ये जर्मनीत एक अभ्यास झाला, चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांना रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 आययू व्हिटॅमिन ई दिलं, तर व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा जो प्रतिसाद सुधारायला हवा होता तो यांच्यात सुधारलाच नाही, गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारला. म्हणजे व्यायामाने तयार होणारे रॅडिकल हा शरीरासाठी निरोप होता आणि गोळ्यांनी तो निरोपच पोचू दिला नाही. म्हणून "जितकं जास्त तितकं चांगलं" हे इथे चालत नाही.

आता तुमच्या सूपकडे येऊ.

स्पिरुलिना म्हणजे खरं तर शैवाल नाही, सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे जिवाणूच, पण सगळे शैवालच म्हणतात आणि मी पण म्हणते. तिचं खास रंगद्रव्य फायकोसायनिन, निळं, आणि ते प्रोटीन आहे. चांगल्या पावडरीत वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास असतं. आणि प्रोटीन असल्यामुळेच ते उष्णतेला नाजूक, साधारण 45 ते 50 डिग्रीच्या वर गेलं की घडी उलगडायला लागते आणि रंग जातो. आंबट पदार्थातही, म्हणजे पीएच चारच्या खाली गेला की, ते टिकत नाही, गुठळ्या होऊन खाली बसतं. उजेडही सोसत नाही. त्याला साधारण पीएच 5 ते 6, गार आणि अंधार मानवतो.

हे मी नव्या मुलांना शिकवताना दोन चंचुपात्रं समोर ठेवते. दोन्हीत तोच अर्क, इतका निळा की पहिल्यांदा बघणाऱ्याला शाईच वाटते, आणि बाजूने टॉर्च मारला तर लालसर चमकतो. एक तसंच ठेवायचं, दुसरं गरम करायचं. साठच्या पुढे गेलं की दुसऱ्यातला निळा फिका व्हायला लागतो, ती लाल चमक तर आधीच जाते, सत्तर-ऐंशीवर थोडा वेळ ठेवलं की उरतं गढूळ फिकट पाणी, तळाशी पांढुरके तंतू. गार केलं तरी निळा परत येत नाही. तुमच्या उकळत्या सूपमध्ये रोज हेच होतंय, फक्त हिरव्या रंगाखाली दिसत नाही.

तर सूप ताटलीत वाढून, पिण्याइतकं कोमट झाल्यावर पावडर घाला, किंवा सरळ गार पाण्यात, दह्यात वगैरे घ्या. वाया सगळंच गेलं असं मात्र समजू नका, प्रोटीन पचायला हरकत नाही, लोह आहे, कॅरोटीनही बऱ्यापैकी राहतं. गेलं ते मुख्यतः निळं.

घरच्या घरी एक साधी तपासणी करता येते. काचेच्या ग्लासात गार पाणी, त्यात चिमूटभर पावडर, ढवळायचं आणि झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं. सकाळी हिरवं तळाशी बसलेलं असतं आणि वरचं पाणी स्वच्छ निळं दिसलं तर फायकोसायनिन शाबूत आहे. पाणी मातकट किंवा पिवळट हिरवं दिसलं, निळं फारसं नाहीच, तर पावडर जास्त तापवून सुकवलेली आहे किंवा उजेडात जुनी झालीय. लॅबमध्ये आम्ही याच निळ्याचं 620 नॅनोमीटरच्या उजेडाला आणि एकूण प्रोटीनचं 280 ला वाचन घेतो आणि भागाकार करतो, तो जेवढा मोठा तेवढा अर्क शुद्ध, खाण्याच्या ग्रेडला साधारण 0.7 च्या वर चालतो. पण एक लक्षात ठेवा, निळं पाणी म्हणजे शिसं नाही, जंतू नाहीत असं अजिबात नाही, ते डोळ्याला दिसत नाहीत.

माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत, काही आठवड्यांचे, त्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड थोडं कमी होताना दिसतं. फायकोसायनिनमधला जो रंगीत भाग असतो तो आपल्या बिलिरुबिनचा जवळचा नातेवाईक आहे आणि पेशीत रॅडिकल तयार करणारं एक एन्झाइम तो दाबतो असं प्रयोगशाळेत दिसलंय, म्हणून मला त्यात रस आहे. पण त्यावरून "स्पिरुलिना घ्या, आजार होणार नाही" असं मी कुणाला लिहून देणार नाही.

जाता जाता बी12. शाकाहारी असाल तर हे महत्त्वाचं आहे. स्पिरुलिनात जे बी12 लिहितात ते मुख्यतः त्याच्यासारखं दिसणारं दुसरं संयुग असतं, माणसाच्या शरीरात ते काम करत नाही. त्याच्यावर विसंबून बी12 ची गोळी बंद केलेले लोक मला भेटलेत, तसं करू नका.

क्लोरेला खरं हिरवं शैवाल. तिच्यात फायकोसायनिन नाहीच, तिचा जोर हिरव्या क्लोरोफिलवर आणि ल्युटिन या पिवळ्या रंगद्रव्यावर. म्हणजे दोन डब्यांवरचे आकडे एकमेकांशी लावणं म्हणजे दोन वेगळ्या विषयांचे मार्क एकमेकांशी लावणं. तिची मुख्य अडचण पेशीची भिंत, ती इतकी चिवट की आपण ती नीट पचवू शकत नाही, म्हणून भिंत फोडलेली क्लोरेला असं लेबलवर लिहिलेलं बघा. ल्युटिन तेलात विरघळतं, त्यामुळे थोडं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घेतलं तरच काही उपयोग. आणि कुठलीही पडून राहिलेली, ओल लागलेली हिरवी पावडर घेऊ नका, क्लोरोफिल तुटून फिओफोर्बाइड तयार होतं, ते अंगात असताना उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी लाल होते. जपानमध्ये सत्तरच्या दशकात क्लोरेलाच्या गोळ्यांनी हे प्रत्यक्ष झालं होतं, त्यानंतर तिथे त्याची मर्यादा ठरली. तुमच्यासाठी उत्तर: स्पिरुलिना चालू असेल तर निव्वळ अँटिऑक्सिडंटसाठी क्लोरेला वाढवायची गरज मला दिसत नाही.

अॅस्टाझँथिन हे माझं आवडतं, कारण ते तयार होताना बघायला मिळतं. हिमॅटोकॉकस नावाचं गोड्या पाण्यातलं शैवाल, सुखात असताना हिरवं, दोन शेपट्या हलवत सूक्ष्मदर्शकाखाली इकडून तिकडे पळत असतं. मग त्याचं नायट्रोजन तोडायचं आणि प्रखर उजेड द्यायचा. पेशी पळायची थांबते, गोल होते, भिंत जाड करते, आणि मधोमध लाल ठिपका दिसतो, रोज थोडा पसरत जातो, काही दिवसांत अख्खी पेशी विटेसारखी लाल. ती उजेडापासून स्वतःला झाकून घेते, आणि तो झगा म्हणजेच अॅस्टाझँथिन, कोरड्या वजनाच्या साधारण 3 ते 5 टक्क्यांपर्यंत जातं. अँटिऑक्सिडंट हा शब्द मला कुणी विचारला की मी हेच दाखवते, शैवाल ते आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःचा जीव वाचवायला बनवतं. म्हणून तेच शैवाल आरामात वाढवलं तर त्यात ते जवळपास नसतंच, आणि "अमुक शैवालात इतकं" असं सरसकट कुणी सांगितलं तर ते कसं वाढवलं होतं हे आधी विचारायचं.

अॅस्टाझँथिन तेलात विरघळणारं, त्यामुळे उपाशीपोटी नको, जेवणाबरोबर. अभ्यासात साधारण 4 ते 12 मिलिग्रॅम वापरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सप्लिमेंटमधून रोज 8 मिलिग्रॅम सुरक्षित धरलंय. लेबलवर स्रोत वाचा: हिमॅटोकॉकस असेल, फॅफिया नावाचं लालसर यीस्ट असेल, किंवा कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं. सूत्र एकच, पण रेणूचं वळण वेगळं, शैवालातलं एका बाजूचं, यीस्टमधलं त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं, कृत्रिम म्हणजे मिश्रण. घ्यायलाच हवं का? तुमच्या प्रश्नात तुम्ही रोज फळं-भाज्या खाताय, दुखणं काही नाही असं लिहिलंय, तर माझ्या मते नाही.

सूक्ष्मजीवांबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत विचारलंय पण मला तिथे जास्त आशा वाटते. यीस्टमध्ये ग्लुटाथायोन भरपूर असतं, मात्र तोंडाने घेतलेलं बरंचसं आतड्यातच तुटतं, म्हणून त्यासाठी महाग गोळी नको. अर्गोथायोनिनचं मात्र वेगळं आहे. 1909 मध्ये एर्गट नावाच्या बुरशीत सापडलं, आपलं शरीर ते बनवू शकत नाही, बुरश्या, काही जिवाणू, काही सायनोबॅक्टेरिया बनवतात. आणि 2005 मध्ये कळलं की आपल्या पेशींवर ते आत ओढून घेणारा एक खास वाहक आहे. शरीर ते आतड्यातून उचलतं, लाल रक्तपेशींत, लिव्हरमध्ये, डोळ्यात साठवतं, मूत्रपिंडातून वाया जाऊ देत नाही. ज्या गोष्टीसाठी शरीराने दार ठेवलंय तिचं काही काम असणार असं मला वाटतं, ते काम नक्की काय यावर अजून शोध चालू आहे. ते मिळवायला कॅप्सूल लागत नाही, मशरूममध्ये असतं, ऑयस्टर जातीत बटण मशरूमपेक्षा जास्त, आणि शिजवून फारसं जात नाही. तुमच्या त्या गरम सूपमध्ये घालायला मी स्पिरुलिनाऐवजी मशरूम सुचवेन.

इथपर्यंतचं थोडक्यात, म्हणजे पुढे जाताना हाताशी राहील: निळं असेल तर गार, लाल-पिवळं-नारिंगी असेल तर तेलाबरोबर, आणि डब्यावरचा एकत्रित आकडा सोडून द्यायचा.

आता सुरक्षिततेचं, इथे मी थोडी कडक आहे. बंद टाक्यांत किंवा नीट सांभाळलेल्या तळ्यांत वाढवलेलं शैवाल आणि नैसर्गिक तलावातून गोळा केलेलं शैवाल यात फार फरक. अमेरिकेत ओरेगॉनच्या अप्पर क्लॅमथ तलावातून एक निळं-हिरवं शैवाल गोळा करून विकतात, त्याच पाण्यात लिव्हरला विषारी असलेलं मायक्रोसिस्टिन बनवणारी दुसरी जात मिसळू शकते, म्हणून ओरेगॉन राज्याने 1997 मध्ये ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. विकणाऱ्याकडे बॅचचा रिपोर्ट मागा, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि मायक्रोसिस्टिन, आणि रिपोर्टवरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबरशी जुळतो का बघा. एका बॅचचा जुना रिपोर्ट वर्षभर सगळ्यांना पाठवणारे विक्रेते मी बघितलेत. ज्यांना फिनाइलकिटोन्युरिया, म्हणजे फिनाइलअॅलनिन हा प्रोटीनमधला घटक शरीराला न झेपणारा जन्मजात आजार, आहे त्यांनी स्पिरुलिना घ्यायची नाही, प्रोटीन म्हणजे फिनाइलअॅलनिन आलंच. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन के मुळे हिरव्या पावडरी डॉक्टरांना न सांगता नकोत, आणि ल्युपससारखे प्रतिकारशक्तीचे आजार असतील किंवा दिवस गेलेले असतील तरी आधी विचारायचं.

आईसाठी केल्पची गोळी, नको. तपकिरी समुद्री शैवालांत फ्युकोझँथिन आणि फ्लोरोटॅनिन ही चांगली अँटिऑक्सिडंट आहेत हे खरं, पण त्यांच्यासोबत आयोडीन येतं. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, आणि कोंबूच्या, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या केल्पच्या, एका ग्रॅममध्येच 1000 ते 2000 मायक्रोग्रॅमच्या पुढे असू शकतं, तेही प्रत्येक पानात वेगळं, त्यामुळे गोळीत नक्की किती हे भरवशाने सांगता येत नाही. अमेरिकेतली वरची मर्यादा 1100 आहे, युरोपात 600. थायरॉईडची गोळी चालू असताना आयोडीन असं खाली-वर होत राहिलं तर डोस बसवणं अवघड, आणि थायरॉईड कमी-जास्त दोन्हीकडे बिघडू शकतं. हिजिकी नावाचं काळं शैवाल तर कुणीच खाऊ नये, त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असतं, ब्रिटनच्या अन्न संस्थेने 2004 मध्येच लोकांना तसं सांगितलंय. आईला शैवालाची चव आवडत असेल तर नोरीत, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या शैवालात, आयोडीन त्या मानाने कमी असतं, कधीतरी एखादं पान खायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

आणि वडील. ड्युनालिएला हे खारट पाण्यातलं शैवाल, अति मीठ आणि कडक ऊन यात ते नारिंगी होतं, बीटा कॅरोटीन कोरड्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातं, निसर्गातला हा फार श्रीमंत स्रोत. आणि धूर म्हणजे ऑक्सिडेशन, मग अँटिऑक्सिडंट दिलं तर फुप्फुसं वाचतील, हा विचार तुमचाच नाही, ऐंशीच्या दशकात शास्त्रज्ञांचाही तोच होता. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त होता. कमी नाही, जास्त. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या, सोडलेल्या आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या 18,314 लोकांची दुसरी ट्रायल चालू होती, रोज 30 मिलिग्रॅम आणि सोबत व्हिटॅमिन ए, तिथे कॅन्सर 28 टक्क्यांनी जास्त दिसल्यावर जानेवारी 1996 मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. धुराने भरलेल्या फुप्फुसात हे कॅरोटीन स्वतःच तुटतं आणि त्याचे तुकडे उलटं काम करतात असं एक स्पष्टीकरण आहे. त्या ट्रायलमधलं कॅरोटीन कृत्रिम होतं, शैवालातल्यात दुसऱ्या वळणाचे रेणूही असतात, विक्रेते हाच फरक पुढे करतात, पण शैवालातलं सिगारेट ओढणाऱ्यांना सुरक्षित आहे असं दाखवणारी तेवढी मोठी ट्रायल माझ्यासमोर कुणी ठेवलेली नाही.

गाजर, भोपळा, हिरव्या भाज्या त्यांना बिनधास्त द्या, हा प्रश्न जेवणातल्या कॅरोटीनचा नाही, एकवटलेल्या कॅप्सूलचा आहे. त्यांनी मध्यंतरी सिगारेट सोडली तरी कॅप्सूल लगेच सुरू करू नका, दुसऱ्या ट्रायलमध्ये सोडलेलेही लोक होते. बाटली परत करता येत असेल तर आजच करा, आणि स्पिरुलिनाच्या त्या निळ्या पाण्याच्या तपासणीत काय दिसलं ते कळवा, शक्य असेल तर लेबलची मागची बाजू पण लिहून पाठवा, बघून सांगते.